दार कोणी उघडायचं

मेडनहेड,
१४ जानेवारी २०२५

चि. सीमा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उर्वीचं लग्न ठरल्याचं तुझं पत्र आज आलं. दोनदा वाचलं, एकदा आनंदाने आणि एकदा चष्मा लावून. तिचा एबो मला पसंत आहे. दिवाळीत तो माझ्याकडे आला तेव्हा कुणी न सांगता त्याने माझा बंद पडलेला बॉयलर चालू केला, आणि माझ्या चकलीला नावं ठेवली नाहीत. ह्यातलं दुसरं काम जास्त अवघड होतं. असा मुलगा घानाचा असो, ग्लासगोचा असो, मला चालतो. उर्वीने मला फोनवर तिचा सासू फार छान आहे म्हणून सांगितलं. विहीणबाई पुरुष असल्या तरी चालतील, मी म्हटलं, मुलगी सुखात राहू दे.

फोन मीही तुला करणार होते. पण फोनवर तू नुसतं हो वन्सं, बरं वन्सं करतेस. कागदावर निदान भांडतेस.

तर भांडण असं. तुझ्या पत्राच्या शेवटी, जसं काही दुधाची बाटली संपल्याचं कळवावं तसं, तू लिहिलं आहेस की एबोच्या घरची माणसं रीतीप्रमाणे दार ठोठावून मागणी घालायला येतील तेव्हा शशिधर आणि आश्लेषा पुढे होतील, लग्नात कन्यादानालाही तेच बसतील, आणि तू मागचं सगळं बघशील. मागचं म्हणजे काय ग? ते घर तुझं. मुलगी तुझी. रवी गेल्यावर तिचं युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष तू एकटीने निभावलंस. शशिधरने काय केलं? दर रविवारी फोन करून बागेतलं गवत कापलं का विचारलं. तो माझा सगळ्यांत धाकटा भाऊ आहे आणि रीडिंगमधला मोठा निवृत्त डॉक्टर आहे, पण मी त्याला नाक पुसून शाळेत पोचवलेलं आहे, तेव्हा मला त्याची भीती घालू नकोस.

त्याने मला निमंत्रणाचा मसुदाही पाठवला. त्यात निमंत्रक म्हणून तो आणि त्याची सौ., आणि खाली बारीक अक्षरात उर्वीची आई, गं. भा. सीमा. इल्फर्डच्या त्या दोन खोल्या खाली, तीन खोल्या वर अशा घरात त्याने गंगा आणि भागीरथी दोन्ही आणून सोडल्या. मी तो मसुदा लाल शाईने तपासून परत पाठवला आहे. चाळीस वर्षं स्लाऊच्या मुलींचे विज्ञानाचे पेपर तपासले, पण इतके कमी मार्क कुणाला द्यावे लागले नव्हते.

आता दुसरी काळजी. आमच्या लायब्ररीच्या वाचनगटात ह्या वेळी पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांविषयीच्या कादंबऱ्या लावल्या आहेत. म्हटलं बरं झालं, व्याह्यांची आयती माहिती मिळेल. सीमा, पहिलीच कादंबरी वाचून माझा चहा गार झाला. नवरा मरतो. बाईचं डोकं भादरतात, तिला चटईवर बसवतात, दीर येऊन फ्रिज उचलून नेतात, आणि वर्ष झाल्यावर मोठा दीर सांगतो की आता तू माझी. मी पुस्तक बंद करून उठले आणि स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. तेव्हा एबोच्या आईला आत्ताच स्पष्ट विचारून घे. त्यांच्यात विधवेचं काय करतात? आपल्या पोरीचं कधी काळी वाईट झालं तर, देव न करो, तिच्यावर कुठला दीर हक्क सांगणार? एबोला भाऊ किती?

माझ्या खुब्याचं ऑपरेशन मार्चच्या मध्यावर ठरलं आहे. म्हणजे दार ठोठावण्याच्या दिवशी मी पलंगावर. माझ्या नशिबात गंमत नाहीच.

लोभ जुनाच आहे, पण ह्या पत्रावर रागावलीस तरच तो टिकेल.

तुझी,
उल्का


इल्फर्ड,
२६ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उर्वीला मी तुमची शंका सांगितली तर ती जिन्यावर बसून हसली. एबो बाजूलाच होता. तो हसला नाही, भला मुलगा आहे. त्याने तुमची ती कादंबरी कुठल्या देशातली आहे ते अदबीने विचारलं. मी गोष्ट सांगितल्यावर म्हणाला की ती नायजेरियातली, आणि आम्ही घानामधले, समुद्रकाठचे फान्टी. मग त्याने मला विचारलं की पंजाबातली कादंबरी वाचून कुणी तुमच्याकडे कृपाण कुठे ठेवता म्हणून विचारलं तर उल्काआत्याला चालेल का. मी तुमच्या वतीने चालणार नाही असं कळवलं. त्याला भाऊ नाही. एक बहीण आहे, ती एडिंबराला दातांची डॉक्टर आहे. उर्वीला ती फार तर दात घासायला लावेल.

एबोचे वडीलही नाहीत, हे मी तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आई एकटीच असते, रीडिंगला. एफुआ क्वान्सा. हॉस्पिटलात सुईणीचं काम करून निवृत्त झाल्या. मी त्यांना अजून फक्त फोनवर ऐकलं आहे. आवाज असा की आपण काही न करता सॉरी म्हणावंसं वाटतं.

दार ठोठावणं बावीस मार्चला, शनिवारी. एबोने रीत सांगितली ती अशी. त्याचे मामा, मावश्या, चार वडीलधारी मंडळी बाटल्या आणि भेटी घेऊन येतील. घंटी वाजवायची नाही, दार ठोठावायचं. आतून आपल्यापैकी कुणीतरी विचारायचं की कोण आहात, कशाला आलात. मग त्यांच्यातला बोलणारा माणूस सांगतो की जाता जाता ह्या घरात एक फूल दिसलं. शशीभाऊजींनी इंग्रजीत भाषण लिहून काढलं आहे आणि ते पाठ करतायत. आश्लेषा औक्षणाचं ताट करणार. मी बटाटेवडे, मसालेभात आणि श्रीखंड. तुम्हाला वाटतं तसं कुणी मला ढकललेलं नाही. मीच म्हटलं त्यांना.

का म्हटलं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते. दोन वर्षांपूर्वी रेखाच्या नातीचं बारसं होतं, आठवतं? रेखा म्हणजे माझी शेजारीण, तिने मला आग्रहाने पुढे बोलावलं, बाळाला पाळण्यात घालायला लावलं. त्याच आठवड्यात बाळाला ताप चढला आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं. कुणी मला एक शब्द बोललं नाही. रेखाच्या सुनेने नुसतं एकदा माझ्या हातांकडे बघितलं. ते पोर आता नर्सरीत जातं, दुसऱ्यांच्या मुलांना चावतं, तब्येत उत्तम आहे. पण ते बघणं माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही वन्सं. इतकी वर्षं फार्मसीत काढली, ताप कशाने येतो ते मला कळतं. पण स्वतःच्या मुलीची वेळ आली की विश्वास नाही असं म्हणून भागत नाही. उद्या उर्वीच्या संसारात काही कमीजास्त झालं तर जग काय म्हणेल ते मी सोसेन. मी स्वतःला काय म्हणेन, ते सोसवणार नाही. तेव्हा मी आपली कढईशी बरी.

खुब्याची काळजी घ्या. ऑपरेशननंतर डब्याची व्यवस्था मी केली आहे, नाही म्हणू नका.

माया पातळ होऊ देऊ नका, एवढंच मागणं.

तुमची,
सीमा


मेडनहेड,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सीमा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चार दिवस काही लिहिलं नाही. पाचव्या दिवशी कोट घातला, काठी घेतली आणि ट्रेनने रीडिंगला जाऊन तुझ्या विहीणबाईंनाच भेटून आले. पत्ता उर्वीकडून घेतला. तिला सांगितलं की चकली पोचवायची आहे, आणि चकली खरोखर नेली, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप नको.

बाई उंच, ताठ, हातात आठ बोटांना पुरतील इतक्या अंगठ्या. मला खुर्ची दिली ती बरोबर खुबेदुखीच्या माणसाला हवी तशी उंच. न विचारता. मी कादंबरी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला. तिने पुस्तकाकडे पाहिलं आणि सांगितलं की तिनेही हे वाचलं आहे, आणि त्या चटईच्या पानापाशी भिंतीवर फेकलं आहे. पुढे म्हणाली की असली पुस्तकं त्यांच्याकडच्या चिडलेल्या मुलींनी लिहिली आहेत आणि त्यांनी चिडावंच. पण मुलीच्या रागावरून कुणी तिच्या आईच्या घराचा नकाशा काढू नये.

मग तिने स्वतःचं सांगितलं. तिच्या लोकांत कूळ आईकडून चालतं. तिचा नवरा वारला तेव्हा त्याच्या बहिणीचा मुलगा लंडनहून गाडी मागायला आला, मामाची गाडी म्हणजे आपलीच म्हणून. तिने तत्काळ किल्ली काढून दिली. गाडी महिनाभर बंद पडलेली होती हे तेवढं सांगितलं नाही. पोरगा ती टो करवून घेऊन गेला आणि अजून तिच्याशी बोलत नाही. वर्षभर तिने काळे कपडे घातले. वर्ष झालं त्या रविवारी पांढरे घालून चर्चला गेली, सगळ्यांना जेवायला घातलं, नाचली, आणि सोमवारपासून पिवळे, निळे, हवे ते. मी आयुष्यात पहिल्यांदा पांढऱ्या रंगाविषयी बरं ऐकलं.

मला वाटलं, आता मी जिंकले, आपण सगळ्या सुधारलेल्या. तेवढ्यात तिने चहा ओतता ओतता विचारलं की तुमच्या दारावर ठोठावण्याआधी तिने कुठली मराठी कादंबरी वाचावी, तुम्ही विधवांचं काय करता ते कळायला. मी ठसक्यात सांगितलं की आमच्यात आता तसं काही उरलेलं नाही. ठीक, म्हणाली. मग बावीस तारखेला उर्वीची आई कुठे बसणार?

सीमा, आमच्या शाळेतल्या सिस्टर थेक्ला मुलींना शपथेवर नाही, नजरेवर खरं बोलायला लावायच्या. ही बाई त्याच वर्गातली. मी सांगून टाकलं की स्वयंपाकघरात. आणि का ते विचारलं तेव्हा तेही सांगितलं, तुझ्या हातांचं, बारशाचं, सगळं. तिने माझा कप पुन्हा भरला. मग एवढंच विचारलं की उर्वीची आई स्वयंपाक चांगला करते का. मी म्हटलं, उत्तम करते. त्यांच्या घरात मुलीची आई हो म्हणेपर्यंत आणलेली बाटली उघडत नाहीत, असंही तिने जाता जाता सांगितलं, आणि मला डबाभर भात दिला. लाल, तिखट, आपल्या मसालेभाताचा चुलतभाऊ.

तर आता हे असं करायचं. दार तू उघडायचंस. ती मोरपंखी पैठणी नेस, रवीने पंचविसाव्या वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या, घेतलेली. कुंकू मोठं लाव. कन्यादानाला तूच बसायचंस, एकटी बसलीस तर आकाश कोसळत नाही, मी भटजींना फोन करून विचारलं आहे. भटजी इल्फर्डचेच आहेत आणि माणूस समंजस आहे. शशिधरला मी तसं कळवून टाकलं आहे. त्याने उत्तर दिलेलं नाही, म्हणजे त्याला समजलं. मला कुणी विधवा व्हायची संधीच दिली नाही, नाहीतर मी तुला करून दाखवलं असतं.

आता ह्यात चर्चेला जागा नाही.

आशीर्वाद आहेतच, त्यांचा नीट उपयोग कर.

उल्का


इल्फर्ड,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मी जे लिहिलं होतं ते तुम्हाला लिहिलं होतं. उर्वीलाही मी ते सांगितलेलं नाही. ते तुम्ही पिशवीत घालून, चकलीबरोबर, माझ्या होणाऱ्या विहिणीच्या टेबलावर नेऊन ठेवलंत. आता बावीस तारखेला ती बाई माझ्या घरात येईल आणि माझ्या हातांकडे बघेल. रेखाच्या सुनेसारखीच.

काल शशीभाऊजींचा फोन आला. ताई असं म्हणते, मी तसं म्हणतो, वहिनी तुम्ही आता असं करा, असं अर्धा तास चाललं होतं. ऐकता ऐकता मला वाटलं की तुम्ही दोघं भावंडं अगदी एका आवाजात बोलता. ते म्हणतात आत राहा. तुम्ही म्हणता बाहेर ये, आणि कुठली साडी नेस तेही सांगता. कुंकू केवढं लावायचं तेही. तुमच्या कादंबरीतल्या त्या बाईला सगळे काय करायचं ते सांगत होते, म्हणून तुमचा चहा गार झाला ना? तिला काय हवं ते त्या पुस्तकात कुणी विचारलं होतं का? असेल तर पान कळवा.

आणि ज्यांनी नवरा गमावलेला नाही त्यांनी करून दाखवते असं लिहू नये. हे लिहून एकदा खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी उर्वी तुम्हाला सोडायला येईल. डबे ठरल्याप्रमाणे येतील.

सीमा


मेडनहेड,
१९ मार्च २०२५

चि. सीमा हिस,
आशीर्वाद.

खुबा नवा बसवला. फिजिओथेरपीची मुलगी मला दुसऱ्याच दिवशी उभी करून खूप छान, खूप छान म्हणत होती, जसं मी पहिलं पाऊल टाकणारं पोर. मी तिला सांगितलं की मी ह्याआधीही चालत होते. डबे आले. वांग्याची भाजी झकास होती. ज्याच्यावर रागावलं आहे त्याला इतकी चांगली भाजी पाठवू नये, त्याचा गैरसमज होतो.

पान शोधलं. कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचली, दुसरं करायला काही नव्हतं. तिला कुणी विचारत नाही. तिची आई विचारत नाही, पाद्री नाही, कैवार घेणारी शिकलेली नणंदसुद्धा नाही. पहिल्या वाचनात ही नणंद मला फार आवडली होती.

वाचनगटातली दुसरी कादंबरी बरी निघाली. बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या दोन विधवा जावा. पानोपानी भांडतात, एकमेकींची गिऱ्हाइकं पळवतात, आणि नवरे मेले आहेत हे पुस्तकाच्या अर्ध्यानंतर दोघींनाही आठवत नाही. मी हसले तर टाके ओढले गेले. तुला पाठवते.

शशिधरचा काल फोन आला. मी त्याला काहीही सांगितलं नाही. नुसतं हो, बरं, करत राहिले. त्याला वाटलं भुलीचा परिणाम आहे. मला किती त्रास झाला ते डॉक्टरांच्या कागदावर येणार नाही.

तर सीमा, शनिवारी तुला काय हवं आहे? उत्तर मला कळवायची गरज नाही.

उल्का


इल्फर्ड,
२३ मार्च २०२५

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पलंगावर पडून तडफडत असाल म्हणून आधी निकाल सांगते. बाटली उघडली. लग्न ऑगस्टमध्ये. कन्यादानाला मी बसणार, एकटी. आश्लेषाने ऐकल्याबरोबर इतक्या पटकन होकार दिला की मीच चकित झाले. तिचे गुडघे गेले वर्षभर दुखतायत आणि तेवढा वेळ पाटावर बसायचं ह्या धास्तीने तिला झोप नव्हती. बोलायची सोय नव्हती बिचारीला.

आता कसं झालं ते.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. मी विचार केला आणि मला काहीच हवं आहे असं वाटेना. रात्री बटाटे उकडले. शनिवारी सकाळी शशीभाऊजी नवा सूट घालून पुढच्या दाराशी उभे, ओठांतल्या ओठांत भाषण म्हणत. मी ना मोरपंखी नेसले ना पांढरी, ती आपली निळी सुती, तळणाला बरी. वाफ जावी म्हणून स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं टाकलं होतं. आपलं घर रांगेतलं शेवटचं, बाजूने बोळ आहे, तुम्हाला माहीतच आहे.

ठरल्या वेळी पुढचं दार वाजलं. भाऊजींनी इतक्या जोरात कोण आहे म्हणून विचारलं की समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. बाहेरून एबोच्या मामांचा आवाज, भारदस्त, फुलाची गोष्ट सुरू झाली. मी पहिला घाणा तेलात सोडला. आणि मागच्या दारावर टकटक झाली.

वळून पाहिलं तर एफुआ क्वान्सा. अंगभर पिवळा आणि निळा पोशाख, डोक्याला त्याच कापडाचा उंच फेटा, सुंदर बूट आणि बुटांना आमच्या बोळातला चिखल. माणसांना पुढे भाषण करायला सोडून ती एकटीच कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून मागे आली होती. दार सताड उघडं, तरी चौकटीवर ठोठावत होती. मी गडबडून आत या म्हटलं. ती हलली नाही. म्हणाली की आधी तिला विचारायला हवं, ती कोण आणि कशाला आली.

माझे दोन्ही हात बेसनात. काय बोलणार? विचारलं. तिने सांगितलं की ती एबोची आई, तिचा नवरा नाही, आणि ती ह्या घरच्या आईकडे तिची मुलगी मागायला आली आहे. पुढच्या दारात जे चाललं आहे ते तिच्या भावाला आवडतं म्हणून चालू आहे, त्याला बोलू द्यावं. मग म्हणाली की मला काही विचारायचं असेल तर तिला घाई नाही.

वन्सं, मी तुमच्यावर रागावले होते की तुम्ही तिला सगळं सांगितलंत. पण सांगितलेलं होतं म्हणूनच मला फक्त शेवटचं बोलावं लागलं. मी तिच्यापुढे हात धरले आणि म्हटलं की मला ह्यांची भीती वाटते. तिने बघितले. सावकाश, पालथे आणि उताणे, जसं हातांनी काम करणारी बाई तशाच दुसऱ्या बाईचे हात बघते. मग तिने आपले हात माझ्या हातांशेजारी धरले आणि सांगितलं की नवरा गेल्यावर पुढच्या महिन्यात ती ड्यूटीवर परत गेली. निवृत्त होईपर्यंत रीडिंगमधली शेकडो पोरं ह्या हातांत जन्माला आली, सगळ्यांत पहिला हात त्यांना विधवेचाच लागला. त्यातली काही आता तिला सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलताना दिसतात, काही तिच्या बँकेत बसतात, एक जण ट्रॅफिक वॉर्डन झाला आणि त्याने तिला दंड केला. त्याची तेवढी ती जबाबदारी घेते. बाकी कुणी अजून तक्रार घेऊन आलेलं नाही.

मी हसले. तीन वर्षांत तशी हसले नव्हते. आणि मग तिथेच उभ्या उभ्या थोडी रडलेही, ते तुम्ही कुणाला सांगू नका, आणि ह्या वेळी खरंच सांगू नका. तिने तेवढ्यात झाऱ्याने वडे उलटले, नाहीतर करपले असते. मग मी तिला बसायला स्टूल दिलं आणि आम्ही जेवणाआधीच दोन दोन वडे खाल्ले. लसणाच्या चटणीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे बरोबरी झाली. मी तिला ऑगस्टचं विचारलं, तिने कन्यादान म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. मुलगी दान देतात हे तिला मुळीच पटलं नाही. म्हणाली की दिलेली वस्तू परत बघायला येता येत नाही, तेव्हा आपण हिला दोन घरांत सामाईक ठेवू. मी म्हटलं की भटजींना विचारते, समंजस आहेत असं ऐकून आहे.

ह्या सगळ्या वेळात पुढे काय चाललं होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. भाषणं झाली होती, फुलाची गोष्ट सांगून झाली होती, बाटली टेबलावर ठेवली होती, आणि एबोचे मामा हाताची घडी घालून सांगत होते की मुलीच्या आईने हो म्हटल्याशिवाय त्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही. शेवटी शशीभाऊजी स्वयंपाकघरात आले. एका स्टुलावर विहीणबाई चिखलाच्या बुटांत, दुसऱ्यावर मी, मधे वड्यांची ताटली. त्यांनी टाय सरळ केला आणि अगदी अदबीने मला विचारलं की वहिनी, होकार कळवायचा का. मी म्हटलं की पाच मिनिटं थांबा भाऊजी, आमचं बोलणं संपलेलं नाही. ते हो म्हणाले, आणि खरोखर दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मग आश्लेषा औक्षणाचं ताट घेऊन डोकावली. निरांजन लावलेलं, कुंकवाची कोयरी उघडी. एबो बैठकीत पाटावर बसला आहे, कुंकू कोण लावणार, तिने लावू का, असं तिने हळूच विचारलं. एफुआ ताटलीतला चुरा गोळा करत राहिली.

मी आश्लेषाला म्हटलं की ताट तिकडे ठेव, माझ्या हाताला बेसन आहे, धुते आणि येते.

तुमची,
सीमा